नवीन कोरल टँकमध्ये जाण्याआधी: डिप कसा करायचा आणि क्वारंटाईन किती दिवस

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी नवीन कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आणलं की बहुतेक जण एकच विचारतात, डिप, म्हणजे किडे पाडायला कोरल ज्यात बुडवतात ते औषध, कुठला वापरू? प्रश्न बरोबर आहे पण अर्धा आहे, कारण बाजारातला कुठलाही डिप घ्या, तो फार तर हलणारे-चालणारे किडे पाडतो, त्यांची अंडी मात्र बहुतेक वेळा जशीच्या तशी चिकटून राहतात. लहानपणी शाळेतून उवा आल्या की आई नुसतं औषध लावून थांबायची नाही, बारीक फणीने लिखा काढायची आणि आठ दिवसांनी परत औषध लावायची, नाहीतर लिखा फुटल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कोरलचं तंतोतंत तेच आहे. औषध, मग फणी, मग वाट बघायची, मग परत औषध. यातलं वाट बघणं लोक गाळतात आणि तिथेच सगळं फसतं.

मी न्यू जर्सीत राहतो, इथे फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले छोटे तुकडे, मिळणं फार सोपं आहे, दुकानात मिळतात, फ्रॅग स्वॅपला, म्हणजे हौशी लोकांच्या अदलाबदलीच्या मेळाव्यात, मिळतात, ओव्हरनाइट बॉक्समधून दारात येतात. एकाच्या टँकमधला तुकडा दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, आणि त्याच वाटेने किडेही फिरतात. म्हणून देणारा कितीही चांगला मित्र असला, त्याचा टँक कितीही सुंदर दिसत असला तरी नियम तोच ठेवायचा. यात कुणाचा अपमान नाही, त्याला स्वतःलाच माहीत नसतं की त्याच्याकडे काय आहे.

भारतातून वाचत असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली कडक सांगाड्याची सगळी प्रवाळं अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे अक्रोपोरा, मॉन्टिपोरा, हॅमर, टॉर्च हे सगळं त्यात आलं, शिवाय सी फॅन आणि काळं प्रवाळही आलं. दुकानदार विकतोय म्हणून ते कायदेशीर होत नाही. मालवणला पाण्याखाली दिसणारी किंवा किनाऱ्यावर तुटून पडलेली प्रवाळंही उचलायची नाहीत. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं परवानगी काढून दुसऱ्या जागी हलवावी लागली ती याच कायद्यामुळे. झोआ, मशरूम, लेदर असं मऊ कोरल घेणार असाल तरी आधी वनखात्याकडे नीट चौकशी करा. खालची पद्धत मऊ कोरललाही तशीच्या तशी लागू पडते.

आता कोण कोण फुकट प्रवास करून येतं ते ओळखायला हवं, कारण काय शोधायचं तेच माहीत नसेल तर भिंग घेऊन बसून उपयोग नाही.

अक्रोपोरावरचा सगळ्यात वाईट शत्रू म्हणजे चपटा किडा, अक्रोपोरा ईटिंग फ्लॅटवर्मच्या आद्याक्षरांनी सगळे त्याला एईएफडब्ल्यू म्हणतात. हा अक्रोपोराचंच मांस खातो आणि खाल्लेल्या मांसाचा रंग त्याच्या अंगात दिसतो, त्यामुळे फांदीवर पसरून बसला की डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा, फांदीवर फिकट गोलसर ठिपके, जास्त करून सावलीच्या बाजूला आणि बुडाकडे. कोरलचा रंग उतरत जातो, पॉलिप, म्हणजे कोरलची बारीक तोंडं, आत ओढलेले राहतात, माणूस अल्कलिनिटी तपासत बसतो, लाइट कमी-जास्त करतो आणि खरं कारण फांदीला चिकटून मजेत खात असतं. अंडी तो जिवंत मांसावर घालत नाही. मांस जिथून निघून गेलंय त्या उघड्या सांगाड्यावर, बहुतेक वेळा प्लगला, म्हणजे फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो त्या छोट्या बैठकीला, लागून, मधाच्या रंगाच्या बारीक ठिपक्यांचा दाट पुंजका असतो. नुसत्या डोळ्याला तो डाग वाटतो, भिंग लावलं की एकमेकांना खेटून बसलेले दाणे दिसतात. हा पुंजका डिपला दाद देत नाही. पाणी जितकं गरम तितकी अंडी लवकर फुटतात, पण साधारण एक ते तीन आठवडे धरून चालायचं, आणि पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा आहे.

मॉन्टिपोरावर पांढरी न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी, येतात, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, पाठीवर झालरीसारखे उभे धागे. प्लेटच्या खालच्या बाजूला बसतात आणि कडेपासून खात येतात, मागे पांढरा सांगाडा उरतो. अंडी पण खालच्या बाजूलाच. म्हणून मॉन्टिपोराची प्लेट उलटी करून न बघता टँकमध्ये टाकणं म्हणजे बघितलंच नाही असं समजा. झोआवरच्या न्यूडिब्रँक आणखी चतुर, ज्या रंगाचे झोआ खातात त्याच रंगाची टोकं त्यांच्या पाठीवर येतात. त्यांच्यापेक्षा त्यांची अंडी सापडणं सोपं, झोआच्या देठाला किंवा दोन झोआंच्या मधल्या फटीत पांढरट गुंडाळी दिसते. झोआवर सनडायल नावाची गोगलगाय पण असते, चपटी, शंखावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, दिसायला इतकी देखणी की लोक कौतुकाने ठेवून घेतात. ती झोआ खाते, काढून टाका. लांब पायांचे समुद्री कोळी पण झोआमध्ये लपतात.

रेड बग हे अक्रोपोरावरचे अगदी बारके जीव, अर्ध्या मिलिमीटरचे, पिवळट अंग आणि एक लाल ठिपका. चांगल्या भिंगाशिवाय दिसणं अवघड, पण पांढऱ्या उजेडात फांदीवर पिवळी धूळ सरकतेय असं वाटलं तर तेच समजा. बाकी एप्टेशिया आणि मजानो हे उपद्रवी ॲनिमोन, व्हर्मेटिड गोगलगायींच्या टोकदार नळ्या, बबल अल्गी आणि ब्रायोप्सिस ही शेवाळं, हे सगळे प्लगवर बसून येतात. सगळंच शत्रू नसतं हेही लक्षात ठेवा. पांढऱ्या डब्यात डिपनंतर पडलेले बारीक पॉड, म्हणजे इवले कवचधारी जीव, छोटे ब्रिसल वर्म, छोटी ब्रिटल स्टार यांना बघून घाबरायचं कारण नाही, हे निरुपद्रवी किंवा उलट कामाचे.

आणि एक जो दिसतच नाही तो म्हणजे माशांचा इच, क्रिप्टोकॅरियन, माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी. तो कोरलला काही करत नाही, पण त्याची एक अवस्था कुठल्याही कडक पृष्ठभागावर गाठ करून बसते, आणि प्लग, सांगाडा, गोगलगायीचा शंख हे सगळे कडक पृष्ठभागच आहेत. डिपने ती मरेल यावर विसंबू नका. माशांना महिनाभर वेगळं ठेवून काळजीपूर्वक उपचार करणारे लोक त्याच टँकमध्ये दुकानातला फ्रॅग थेट टाकतात, मग मासे पांढऱ्या ठिपक्यांनी भरले की आश्चर्य करतात.

बॉक्स दारात येण्याच्या आदल्या दिवशीच तयारी करून ठेवा, कोरल आल्यावर धावाधाव नको. लागतं ते असं: पांढरे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे तीन-चार डबे, फक्त याच कामाचे, स्वयंपाकघरातले अजिबात नाहीत. एक टर्की बेस्टर किंवा मोठी प्लास्टिकची सिरिंज, पाण्याचा झोत मारायला. बोन कटर. मऊ टूथब्रश, एखादं स्काल्पेल. दहापट दाखवणारं भिंग आणि चांगला टॉर्च, मोबाईलचा मॅक्रो कॅमेरा चालतो पण भिंग ते भिंगच. सुपरग्लू जेल, नवीन कोरे प्लग. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा.

चष्म्याबद्दल जरा थांबतो कारण हे किड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. कापताना चिळकांडी उडते, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. हाताला चीर असेल तर तिथून जातं. आणि झोआ बसलेला दगड उकळायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही, गरम पाण्याखाली घासायचा नाही, वाफेतून आणि तुषारांतून घरातल्या सगळ्यांना विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत, कुत्र्या-मांजरांनाही. झोआ हाताळल्यावर तोंडाला धातूची चव, ताप, खोकला, धाप असं काही वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा. मुलं आसपास असताना हे काम काढूच नका.

कोरल आलं की पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं क्यूटीच्या, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या क्वारंटाईन टँकच्या, पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. डिस्प्ले टँकवर, म्हणजे मुख्य टँकवर, तरंगवू नका, पिशवीचं बाहेरचं पाणीसुद्धा तिथे नको. पिशवी रात्रभर प्रवास करून आली असेल तर उघडल्यावर तासभर थेंबथेंब पाणी घालत बसायचं नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे आतला अमोनिया त्या मानाने कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तर तापमान जुळलं की कोरल बाहेर काढा, क्षारतेत फार फरक असेल तर टप्प्याटप्प्याने पाच-दहा मिनिटांत जुळवा, पिशवीचं पाणी सिंकमध्ये.

पहिल्या डब्यात नुसतं टँकचं पाणी. त्यात कोरल धरून टॉर्चच्या उजेडात सगळ्या बाजूंनी बघा, उलटं करून बघा, फांद्यांच्या बेचक्यात बघा. मग सिरिंजने पाण्याचा जोराचा झोत मारा. चपटा किडा असेल तर पहिल्याच झोतात एखादा सुटतो, सुटताना कडा गुंडाळत खाली येतो आणि पांढऱ्या तळावर पडला की मग कळतं हा पारदर्शक पापुद्रा कोरलचा नव्हता, सरकतोय.

मग प्लग. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फायद्याचं पण हेच आहे. जमेल तिथे जुना प्लग काढून थेट कचऱ्यात टाकायचा. इच, एप्टेशिया, व्हर्मेटिड, बबल अल्गी आणि चपट्या किड्याची अंडी, हे सगळे त्या एका प्लगवर राहतात, त्याच्यासकट सगळं एका झटक्यात जातं. अक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा बोन कटरने बुडाच्या थोडं वर कापा, उघडा मेलेला सांगाडा जितका दिसतोय तितका सगळा खाली गेला पाहिजे. कोरल प्लगवर पसरलं असेल तर जिवंत मांसही थोडं जाईल, जाऊ द्या. महागातला फ्रॅग आहे म्हणून लोकांचा जीव खालीवर होतो, पण बुडाचा तो अर्धा सेंटिमीटर वाचवून अख्खा अक्रोपोरांचा टँक पणाला लावायचा का ते तुम्हीच ठरवा. हॅमर, टॉर्चसारख्यांचा दांडा खाली लांब कापता येतो, फक्त मांसाला धक्का लावू नका. झोआ प्लगवरून चाकूने अलगद सोडवता येतात, हातमोजे घालून, ओले ठेवून. सोडवता येतच नसतील तर प्लगची बाजू आणि तळ टूथब्रशने पाण्याखाली घासा, स्काल्पेलने खरवडा आणि जिथे भोकं, फटी दिसतील तिथे जेल भरून बुजवून टाका.

आता डिप. साधारण तीन प्रकार आहेत. आयोडीनवाले, जसं लुगॉल किंवा सीकेमचा रीफ डिप, हे जखमा आणि जंतुसंसर्गासाठी चांगले, किड्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नका. वनस्पती तेलं किंवा अर्कवाले, जसं कोरल आरएक्स आणि टू लिटल फिशीजचा रिव्हाइव्ह, हे चपटे किडे आणि न्यूडिब्रँक यांना सोडवायला चांगले, मी नेहमीसाठी याच गटातलं वापरतो. तिसरा प्रकार म्हणजे बागेत मारायची कीटकनाशकं, अमेरिकेत बरेच लोक ती वापरतात आणि ती परिणामकारक आहेत यात वाद नाही, पण लेबलवर हा वापर लिहिलेला नाही, त्वचेला आणि श्वासाला त्रास, आणि त्याचा थोडासा अंशही डिस्प्लेत गेला तर कोळंबी आणि खेकडे मरतात. माझं स्पष्ट मत, घरच्या टँकसाठी त्याची गरज नाही. तुम्ही क्वारंटाईन नीट करणार असाल तर सौम्य डिप चार वेळा केला की काम होतं.

प्रमाण आणि वेळ बाटलीवर असते ती पाळा, कुणीतरी सांगितलं म्हणून दुप्पट करू नका. पाणी टँकचंच, ताजं, २५-२६ अंश सेल्सिअस. थंड पाण्यात डिप केला तर कोरल आकसतं आणि किडे पण नीट सुटत नाहीत. डिपमध्ये कोरल नुसतं बुडवून ठेवायचं नसतं, दर मिनिटाला सिरिंजने सगळीकडून झोत मारत राहायचं, बेचक्यात, बुडाशी, प्लेटच्या खाली. औषधाने किडा बधिर होतो, झोत त्याला पाडतो, दोन्ही लागतं. वेळ संपली की स्वच्छ पाण्याच्या एका डब्यात खळबळून घ्या, मग दुसऱ्या डब्यात, आणि मगच क्यूटीत. डिपचं पाणी फेकण्याआधी तळाला काय पडलंय ते टॉर्च लावून बघा, हीच तुमची तपासणी. चपटा किडा दिसला तर त्या कोरलच्या प्लास्टिकच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरणार. एक डिपचं पाणी फार कोरलना वापरू नका, अक्रोपोरा आणि झोआ तर एकाच डब्यात कधीच नको. डिप झाला की बूड टिश्यूने टिपून जेल लावून नव्या प्लगवर बसवा.

कुणाला कसं सांभाळायचं यात फरक आहे. अक्रोपोरा डिप बऱ्यापैकी सहन करतात. हॅमर-टॉर्चच्या फुगलेल्या मांसावर झोत जोरात मारला तर मांस सांगाड्यावरून फाटतं, तिथे हळू. गोनिओपोरा नाजूक, वेळ कमी ठेवा. झिनियाला पेरॉक्साइड अजिबात सोसत नाही. झोआंच्या प्लगवर शेवाळं असेल तर मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि टँकचं पाणी दहा भाग असं करून तीन ते पाच मिनिटं ठेवतात, झोआ तासन्‌तास बंद राहतील पण दोन-तीन दिवसांत शेवाळं पांढरं पडतं. आधी एकाच फ्रॅगवर करून बघा. टॉर्च किंवा हॅमरवर तपकिरी बुळबुळीत जेली दिसली तर तो किडा नाही, संसर्ग आहे आणि झपाट्याने पसरतो, जेली सायफनने ओढून घ्या, झोत मारून पसरवू नका, आजारी डोकं कापून वेगळं करा, उरलेल्याला आयोडीनचा डिप द्या.

क्यूटी म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. माझ्या बेसमेंटमध्ये २० गॅलनचा, म्हणजे साधारण ७५ लिटरचा साधा काचेचा टँक आहे. तळाला वाळू नाही, म्हणजे काही पडलं तर दिसतं. लाइट ग्रिलची पांढरी जाळी कापून फ्रॅगसाठी रॅक, एक छोटा हीटर, एक छोटा पॉवरहेड, मागे अडकवायचा फिल्टर आणि बऱ्यापैकी लाइट. जिवंत खडकाऐवजी फिल्टरमध्ये सिरॅमिक मीडिया ठेवतो, आधी महिनाभर सायकल करून, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यात वाढवून घेतलेला. खडक ठेवला की किड्यांना लपायला जागा मिळते आणि तुमचं बघणं निरर्थक होतं.

लोकांची तक्रार असते की क्यूटीत कोरल मरतात, किड्यांनी मेली नसती ती क्वारंटाईनने मेली. अशा बहुतेक वेळा कारण एकच, पाणी अस्थिर. छोट्या टँकमध्ये बाष्पीभवनाने क्षारता दिवसात वर जाते, रोज आरओ पाणी घालून पातळी राखा किंवा छोटा ऑटो टॉप ऑफ लावा. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास, अल्कलिनिटी तुमच्या डिस्प्लेत जितकी आहे तितकीच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या जवळ. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य होऊ देऊ नका, कोऱ्या नव्या टँकमध्ये ही चूक सर्रास होते आणि कोरल फिकट पडत जातात. आठवड्याला १५-२० टक्के पाणी बदला. डिस्प्लेचं काढलेलं पाणी क्यूटीत वापरलं तर छानच, पण उलट कधीही नाही, क्यूटीचा थेंबही डिस्प्लेकडे जायला नको. लाइट पहिला आठवडा कमी, मग हळूहळू वाढवा. क्यूटीत मासा ठेवायचा नाही, एकही नाही, कारण मासा असेल तर इचचं चक्र चालूच राहतं.

सामान वेगळं. चिमटा, सिरिंज, ब्रश, जाळी, बादली, टॉवेल सगळ्यावर लाल टेप लावून ठेवलीय, लाल टेपचं काही वरच्या मजल्यावर जात नाही. आधी डिस्प्लेचं काम, मग क्यूटीचं, आणि मग कोपरापर्यंत हात धुवायचे.

वेळापत्रक. आलेल्या दिवशी पहिला डिप, मग दर सहा-सात दिवसांनी एक, असे किमान चार. पहिल्या डिपमधून वाचलेली अंडी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुटतील, बाहेर आलेली पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत पुढच्या डिपमध्ये पडली पाहिजेत, एवढंच गणित आहे. महिनाभर डिप करून पुढे दोन आठवडे नुसतं निरीक्षण, म्हणजे एकूण सहा आठवडे. हा माझा कमीत कमी आकडा आहे. चपटा किडा सापडला असेल तर सलग तीन डिप पूर्ण स्वच्छ निघेपर्यंत डिप चालू ठेवायचे आणि मग सहा आठवड्यांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून. डिस्प्लेत मासे आहेत आणि इच नकोच आहे, तर हॉबीत रूढ असलेला आकडा ७६ दिवसांचा, तेवढे दिवस क्यूटीत मासा नाही की इच उपाशी संपतो. मोठा आकडा वाटतो, पण दोन-अडीच महिने फ्रॅग तिथेही वाढतच असतात, रोज बघायला मिळतातच. मधेच नवीन फ्रॅग क्यूटीत टाकला की सगळ्यांचं घड्याळ परत पहिल्या दिवसावर येतं, म्हणून खरेदी एकत्र करा, वर्षातून दोन-तीन लॉट पुरतात.

रात्रीची फेरी चुकवू नका. लाइट गेल्यावर तासा-दीड तासाने टॉर्च घेऊन जा, अचानक उजेड टाका. न्यूडिब्रँक, समुद्री कोळी हे दिवसा फटीत असतात, रात्री वर येतात. दिवसा काय बघायचं, तर काल उघडणारे झोआ आज बंद का, मॉन्टिपोराची कड पांढरी होतेय का, अक्रोपोरावर नवीन ठिपका आला का. दर आठवड्याला एकाच कोनातून फोटो काढा, डोळ्याला रोज बघून फरक कळत नाही, फोटोत लगेच कळतो.

रेड बग सापडले तर त्यावर मिल्बेमायसिन हे कुत्र्यांना दिलं जाणारं गोळ्यांतलं औषध चालतं, ते व्हेटच्या प्रिस्क्रिप्शननेच मिळतं आणि कोळंबी, खेकडे, पॉड सगळे त्याने मरतात. क्यूटीत हे औषध निवांत देता येतं कारण तिथे यातलं कुणी नसतं. तेच डिस्प्लेत करायचं म्हटलं तर आधी प्रत्येक कोळंबी आणि हर्मिट खेकडा शोधून बाहेर काढत बसायचं.

आता कुणी म्हणेल की रॅस मासा आहे ना, सिक्सलाइन ठेवला की तो किडे खातो. खातो, मलाही रॅस आवडतात, दुसरी फळी म्हणून जरूर ठेवा. पण डोळ्याला दिसलेला किडा खाल्ला म्हणून मोठ्या कॉलनीच्या आत, बुडाशी सांगाड्याला चिकटलेली अंडी संपत नाहीत. मासे संख्या दाबून ठेवतात त्यामुळे उलट कळायलाच उशीर होतो. डिस्प्लेत चपटा किडा एकदा बसला की प्रत्येक अक्रोपोरा खडकावरून तोडून दर आठवड्याला डिप, तोही महिनोन्‌महिने, आणि खडकावर पसरलेलं बूड तिथेच राहतं. ते करणाऱ्या लोकांना जवळून बघितलंय, हातातली वर्षांची मेहनत जाते. त्यापेक्षा कोपऱ्यातला छोटा टँक परवडला.

वापरलेल्या डिपचं पाणी घरातल्या सिंकमध्ये किंवा कमोडमध्ये, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नाही, ओढ्यात तर मुळीच नाही. काढलेले प्लग, किडे, शेवाळं पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. २००० साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या एका खाडीत कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं शेवाळं पसरलेलं सापडलं, ते पूर्ण संपवायला २००६ साल उजाडलं. अक्वेरियममधलं काहीही बाहेरच्या पाण्यात जाता कामा नये, मेलेलं वाटत असलं तरी.

मुदत संपली की शेवटचा एक डिप, परत भिंगाखाली नजर, क्यूटीचा प्लग काढून टाकून नवीन प्लग, आणि मग डिस्प्लेत तळाशी सावलीच्या जागेवर. तिथून आठवड्या-दोन आठवड्यांत वर न्या, एकदम वरच्या लाइटखाली ठेवलं तर इतके दिवस जपलेलं कोरल जळेल. क्यूटीत या खेपेला काहीच निघालं नसेल तर तो तसाच चालू ठेवा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकलं की फिल्टरमधले बॅक्टेरिया जिवंत राहतात. किडा निघाला असेल तर सगळं पाणी काढा, टँक, रॅक, पंप, हीटर घरगुती ब्लीचच्या पाण्यात रात्रभर, भरपूर पाण्याने धुवा, आणि उन्हात किंवा पंख्याखाली हाडासारखं कोरडं होईपर्यंत तीन-चार दिवस ठेवा, फिल्टरचा मीडिया फेकून द्या आणि सायकल नव्याने सुरू करा. ज्याच्याकडून तो फ्रॅग घेतला त्यालाही फोटोसकट कळवा, त्याच्याकडून त्याच दिवशी आणखी चौघांनी तुकडे नेलेले असतात.